टॉर्टियाचा वास येतोय का, आधी ते बघा

मागच्या महिन्यात आमच्या डिपार्टमेंटच्या पोरांनी मला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका नव्या कॅफेत नेलं. म्हणाले, सर तुम्ही चार महिने मेक्सिकोत राहून आलाय ना, मग चला, बोर्डावर ऑथेंटिक मेक्सिकन लिहिलंय, खरं आहे का ते तुम्हीच सांगा. गेलो. भिंतीवर मोठ्या काठाच्या टोप्या टांगलेल्या, निवडुंगाची चित्रं, स्पॅनिश गाणी, सगळं छान सजवलेलं. टॅको, म्हणजे टॉर्टियाची (मक्याच्या पातळ भाकरीची) घडी करून आत सारण, आले ते कडक कुरकुरीत, यू आकाराचे, आत राजमा, स्वीट कॉर्न, सिमला मिरची, वरून पिवळा चीज सॉस आणि बाजूला साल्सा म्हणून केचपमधे कालवलेला कांदा. पोरं आवडीने खात होती आणि चवीला वाईट असं काहीच नव्हतं, पण मी ज्या वासाची वाट बघत होतो तो शेवटपर्यंत आलाच नाही, आणि घरी जाताना पोरांनी विचारलं की सर मग ऑथेंटिक म्हणजे नक्की काय, तर एबीबी सर्कलच्या सिग्नलला उभं राहून मला ते धड सांगता येईना. म्हणून आता सवडीने लिहितोय.

मी अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत आहे. २०१८ ला कंपनीने मला मेक्सिकोतल्या पुएब्लाला पाठवलं होतं, तिथे फोक्सवॅगनचा मोठा प्लांट आहे आणि त्याच्या आजूबाजूला आमच्यासारखे पार्ट्सवाले भरपूर. जुलै ते ऑक्टोबर राहिलो. आकाश मोकळं असलं की गच्चीवरून पोपोकातेपेत्ल दिसायचा, तो जिवंत ज्वालामुखी आहे, कधीकधी डोक्यावर धुराचा पिसारा काढून बसलेला असायचा. आणि गल्लीच्या तोंडाशी टॉर्टियाचं दुकान होतं. आपल्याकडे जशी गल्लोगल्ली पिठाची गिरणी तशी तिथे तोर्तियेरिया. दुपारी दोनच्या सुमाराला तिथे रांग लागायची, कारण त्यांचं मुख्य जेवण दोन ते चारच्या मधे होतं, आणि रांगेतल्या बायकांच्या, शाळेतून आलेल्या पोरांच्या हातात घरून आणलेलं स्वच्छ धुतलेलं फडकं असायचं. टॉर्टिया किलोवर मोजून त्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या. आमची आजी भाकरीच्या दुरडीत फडकं घालायची ना, अगदी तसंच.

पहिल्या दिवशी मी नुसताच उभा होतो, भाषा येत नव्हती, किती मागायच्या ते कळत नव्हतं. तिथल्या मावशींनी माझ्याकडे बघितलं, मशीनमधून नुकतीच पडलेली एक टॉर्टिया उचलली, तिच्यावर मीठ भुरभुरलं, तळहातावर ठेवून सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. बस. मका आणि मीठ. त्या वासाचं काय सांगू. भाजलेलं कणीस, पहिल्या पावसातली माती आणि नुकता चुना मारलेली भिंत, तिन्ही एकत्र. मी लहानपणापासून मामाकडे मक्याची भाकरी खात आलोय, पण मक्याला असा वास असू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

त्या वासाचं कारण पुढे आमच्या लाईनवरच्या एका सहकाऱ्याच्या घरी कळलं, आणि ते कारण म्हणजे चुना. आपण पानाला लावतो तोच. मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, मग रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून चोळून धुतात की वरचं साल सुटून येतं, आणि मग ते ओले दाणे दगडावर वाटतात. या भिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात आणि वाटून झालेल्या गोळ्याला मासा. कॉर्न फ्लोअर, मक्याचं पीठ, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या मक्याच्या भाकरीला गरम पाण्यात पीठ मळावं लागतं, थापताना कडा फाटतात आणि थंड झाली की तुकडे पडतात, तर मासाची टॉर्टिया हातात घडी केली तरी तुटत नाही, कारण चुन्याने सालातला चिकट भाग विरघळतो आणि तोच डिंकासारखा पीठ धरून ठेवतो.

आणि यात नुसती चव नाहीये, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं पण ते असं बांधलेलं असतं की पोटात गेलं तरी अंगी लागत नाही, चुन्याच्या पाण्यात उकळलं की ते मोकळं होतं. मेक्सिकोच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हे शोधून काढलं. मग युरोपवाले आले, मक्याचं बी घेऊन गेले, पण चुना तिथेच राहिला. पुढे उत्तर इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडे जिथे जिथे गरिबांचं पोट फक्त मक्यावर होतं तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला, कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, हजारो माणसं गेली. नायसिनच्या कमतरतेने हे होतं ते पक्कं कळायला १९३७ साल उजाडलं. म्हणजे पुएब्लाची एखादी आजी पाट्यावर जे करत होती ते मोठमोठ्या देशांना कळायला चारशे वर्षं लागली. २०१० ला युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला वारसा म्हणून मान्यता दिली ना, त्यातसुद्धा हा चुन्यातला मका, वाटायचा दगड आणि शेतात मक्यासोबत दुसरी पिकं लावायची पद्धत यांचा मुद्दाम उल्लेख आहे. चीजचा नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की मेक्सिकन हॉटेल खरं की खोटं ते टॉर्टियावरून ठरतं. बाकी सगळं नंतर. आपल्याकडे मिसळ खायला माणूस वीस किलोमीटर बाहेर जातो ते फरसाणासाठी जातो का? रश्श्यासाठी जातो. मसाला कोणी भाजला, कसा भाजला, त्यासाठी जातो. टॉर्टिया म्हणजे तिथला रस्सा समजा.

नाशिकला परत आल्यावर मी हे घरी करून बघितलं. आपल्या जिल्ह्यात मक्याला काय तोटा, येवला, चांदवड, मालेगावकडे खरिपात जाल तिकडे मकाच मका, फक्त तो बहुतेक कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यात जातो. येवल्याजवळ माझ्या मामांची शेती आहे. त्यांच्याकडून किलोभर निवडलेला पिवळा मका आणला, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम खायच्या चुन्याची पावडर, स्टीलचं पातेलं (अ‍ॅल्युमिनियमचं अजिबात घेऊ नका, चुन्याने ते खाल्लं जातं) आणि चाळीस मिनिटं मंद आच. पाणी पिवळंधमक झालं आणि किचनमधे तो वास भरला. आई हॉलमधून उठून आली. म्हणाली, चुन्याची निवळी आम्ही लहानपणी पोटात घ्यायचो, मक्यात कोणी घातलेली पहिल्यांदाच बघतेय, आणि मग तीच सकाळी माझ्यासोबत दाणे चोळायला बसली.

मिक्सरमधे मात्र नीट वाटलं जाईना. पाणी घालावं लागतं, मग गोळा पातळ होतो. शेवटी पुढच्या रविवारी भिजवलेला मका डब्यात घालून येवल्याला गेलो आणि मामींनी तो पाट्यावर वाटला. मेक्सिकोतला वाटायचा दगड, मेताते, त्याला तीन पाय असतात आणि आपल्या वरवंट्यासारखाच हातात धरायचा लांबट दगड असतो, आणि तो ज्वालामुखीच्या खडकाचा असतो. मामींच्या पाट्याचा काळा दगडसुद्धा ज्वालामुखीचाच, आपल्याकडचा सह्याद्री लाव्हा थंड होऊन तयार झालाय. मी मामींना हे सांगितलं तर त्यांनी वाटता वाटता थांबून पाट्यावरून हात फिरवला. दुधाची पिशवी कापून तिच्या दोन कागदांमधे गोळा दाबला, तवा चांगला तापवला. पहिल्या चार-पाच टॉर्टियांच्या कडा फाटल्या, गोळ्याला पाणी कमी पडलं होतं. थोडं पाणी लावून परत मळलं. मग तव्यावर टाकली, वीसेक सेकंदांनी पलटली, दुसऱ्या बाजूला जरा जास्त वेळ, आणि तिसऱ्या वेळी पलटली की मधे बोटाने हलकंसं दाबलं, आणि ती टम्म फुगली. पुएब्लाचा वास मी येवल्यात घेतला.

आता मिरचीबद्दल, कारण टॉर्टियाच्या खालोखाल तीच. आपल्याला वाटतं मेक्सिकन म्हणजे हालापेन्योचे गोल काप. पण तिथली खरी गंमत वाळलेल्या मिरच्यांत आहे, आणि मिरची वाळली की तिचं नावच बदलतं. हालापेन्यो पिकवून, धुरी देऊन वाळवली की चिपोत्ले. पोब्लानो वाळली की आंचो. चिलाका वाळली की पासिया. आपण नाही का द्राक्ष वाळलं की बेदाणा म्हणतो, आलं वाळलं की सुंठ, खजूर वाळला की खारीक, कारण ती वस्तूच वेगळी होते, तिचं काम वेगळं होतं. आंचोला मनुकांसारखा गोडसर वास असतो, पासिया काळपट, कडवट गोड. आपल्याकडे तिखट करताना रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झणका हवा तर लवंगी असं बघून घेतातच की. कोणी सगळ्याच्या जागी एकच चिली फ्लेक्सचं पाकीट वापरून काळा मसाला केलाय म्हणालं तर आपण मानू का?

पुएब्लाचा मोले खाल्ला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी घरी जेवतोय. मिरच्या भाजतात, तीळ भाजतात, शेंगदाणे, लवंग, दालचिनी, एक टॉर्टिया मुद्दाम करपवतात, सगळं वाटून तासन् तास शिजवतात आणि थोडं चॉकलेट. लोक त्याला चॉकलेट सॉस म्हणतात ते चूक आहे, चॉकलेट त्यात चिमटीला चिमटी इतकंच, आपण आमटीत गूळ घालतो तसं. चिकनवर तो काळपट तांबडा रस्सा, वरून तीळ. खान्देशी काळ्या मटणाच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ऋतू. ऑगस्ट-सप्टेंबर आला की पुएब्लात सगळीकडे चिलेस एन नोगादाचे बोर्ड लागतात, भरलेली पोब्लानो मिरची, आत खिमा आणि सफरचंद-पेर-पीचचे तुकडे, वर ताज्या ओल्या अक्रोडाचा पांढरा सॉस आणि डाळिंबाचे दाणे. ओले अक्रोड आणि डाळिंब तेव्हाच मिळतात म्हणून तेव्हाच करायचं. हुरडा थंडीतच, तसं. मेन्यूत एखादी गोष्ट वर्षभर नाही हेच मला चांगलं लक्षण वाटतं.

पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर मी फार सोवळं बोलतोय असं वाटेल. ऑथेंटिक म्हणजे परक्याचा हातच लागलेला नाही असं काही नसतं. मेक्सिकोत रस्त्यावर सगळ्यात लोकप्रिय टॅको म्हणजे अल पास्तोर, तो लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शवर्म्यापासून झालाय, तसाच उभा फिरता दांडा, फक्त मांस डुकराचं, मसाला तिथल्या लाल मिरचीचा आणि वर अननस. मैद्याची टॉर्टिया खोटी असंही नाही, उत्तरेकडे सोनोरात गव्हाचीच खातात आणि ती अप्रतिम असते. सोनोरावरून आठवलं, १९६६ ला भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं होतं, सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो, आणि आपले आजोबा ज्या कल्याणसोना गव्हाचं कौतुक करायचे तोही मेक्सिकन वाणातूनच निवडलेला. आणि आपली उपासाची साबुदाणा खिचडी बघा, साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो कंद, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं, तरी ती आपलीच आहे की नाही? उलट त्यांच्या टॅकोवर पिळायचं लिंबू आपलं कागदी लिंबूच आहे, ते आशियातून तिकडे गेलं. राजगिरा त्यांचा, आणि त्याची गुळात बांधलेली वडी तिथे रस्त्यावर विकतात, आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. मी ती बघून उभाच राहिलो, कारण एकादशीला आई हेच देते.

नाचोजसुद्धा मेक्सिकोतलेच, १९४० च्या दशकात पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासियो आनाया नावाच्या माणसाने ऐनवेळी आलेल्या बायकांसाठी हाताशी होतं त्यातून करून दिले, इग्नासियोला लाडाने नाचो म्हणतात म्हणून नाचोज. जिरं, पिवळं चीज, कडक टॅको हा सगळा थाट मात्र जास्त करून टेक्सास-कॅलिफोर्नियाकडचा. टेक्स-मेक्स म्हणा आणि विका, तोही एक स्वयंपाक आहे, त्याचेही चाहते आहेत. माझी तक्रार फक्त नावाबद्दल आहे. आपल्या मिसळीवर कोणी चीज घालून पाव भाजून त्याला ऑथेंटिक नाशिक मिसळ म्हणालं तर जे वाटेल तेच.

मग हॉटेलात गेल्यावर मी काय बघतो? मेन्यू किती लांब आहे ते. मेक्सिको सिटीत एल कालिफा दे लेओन नावाची टपरीवजा टॅकोची जागा आहे, १९६८ पासूनची, एका खोलीएवढी, मेन्यूत फक्त चार टॅको, आणि २०२४ ला तिला मिशेलिन स्टार मिळाला. मांस, मीठ, लिंबू, दोन साल्सा आणि समोर केलेली ताजी टॉर्टिया. जिथे पास्ता, मोमो, मंचुरियन आणि टॅको एकाच पानावर आहेत तिथे टॅकोला कोणी रात्रभर मका भिजत घालत नसतो, हे साधं आहे. मग साल्सा चमच्यात घेऊन बघतो, टोमॅटो-मिरची तव्यावर काळी डाग पडेपर्यंत भाजलीये का, की नुसतं मिक्सरला फिरवलंय. वर काय घातलंय? बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, एवढंच असलं तर बनवणाऱ्याला आतल्या गोष्टीवर भरवसा आहे. आणि सरळ विचारतो, टॉर्टिया कुठून आणता. पाकिटातून आणतो म्हणाला तरी मला राग येत नाही, तयार निश्तमाल पिठाची मेक्सिकन कंपनी १९४९ पासून आहे आणि खुद्द मेक्सिकोत लाखो घरांत तेच पीठ खातात. पण विचारल्यावर त्या माणसाचा चेहरा खुलतो का ते बघायचं. ज्याने खरंच मेहनत घेतलीये तो पाच मिनिटं तुम्हाला सोडत नाही.

असा एक मुलगा मला नाशिकमधेच सापडलाय. गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत छोटं काउंटर, चार स्टुलं. जहाजावरच्या किचनमधे काही वर्षं होता, तिथे मेक्सिकन सहकाऱ्यांकडून शिकला. फक्त शुक्रवार-शनिवार संध्याकाळी उघडतो कारण मका आदल्या रात्री भिजवायला लागतो आणि त्याच्याकडे इडलीवाल्यांचा टेबलटॉप वेट ग्राइंडर आहे, त्यात एका वेळी जेवढं होतं तेवढंच. तीन टॅको. चिकनचा, राजम्याचा आणि मश्रूमचा, पावसाळ्यात मिळाली तर भोपळ्याची फुलं. मी विचारलं मिरची कुठली, तर लगेच म्हणाला, काका ग्वाहियो इथे रोज कुठून आणू, ब्याडगी घेतो, थोडी धुरी देतो. लपवलं नाही. मला ते फार आवडलं, कारण तिथल्या बायकासुद्धा जे बाजारात मिळतं त्यातूनच करतात, आणि मक्याच्या बाबतीत मात्र त्याने कुठेही काटछाट केलेली नाही.

गेल्या शुक्रवारी मामा दवाखान्याच्या कामासाठी नाशिकला आले होते, येताना माझ्या सांगण्यावरून पाच किलो मका घेऊन आले. तो मी गुरुवारी रात्रीच त्या मुलाकडे पोचता केला असता, पण मामाच शुक्रवारी पोचले, मग त्याने शुक्रवारी रात्री भिजवला. शनिवारी संध्याकाळी मी मामांना स्कूटरवर मागे बसवून तिथे घेऊन गेलो. गर्दी नव्हती. त्याने ग्राइंडरमधून काढलेला गोळा दाखवला, मामांनी बोटांनी चेपून बघितला, वास घेतला, काही बोलले नाहीत. तव्यावर पहिली टॉर्टिया पडली, पलटली, परत पलटली, फुगली. त्या मुलाला मी पुएब्लाच्या मावशींबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने तिच्यावर मीठ भुरभुरलं, सुरळी केली आणि माझ्या आधी मामांच्या हातात दिली.

मामांनी अर्धी खाल्ली. हातात उरलेल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "हा आपला मका? बांधाकडचा?"

मी म्हटलं हो, तोच.

"आपण तो कोंबड्यांना घालतो रे," म्हणाले, आणि दुसरीसाठी हात पुढे केला.